खाटवर का रणमा

नंदुरबार,
ता. ५ फेब्रुवारी १९४५

कै. सौ. सुगंधाबाई ओंकारसिंग गिरासे हिस,

अनेक आशीर्वाद. मृत पत्नीस आशीर्वाद लिहावेत की नमस्कार, याचा खुलासा मायन्यांच्या कोणत्याही पुस्तकात आढळला नाही. म्हणून पूर्वीचाच मायना कायम ठेवला आहे.

पत्रास कारण की, आपला मुलगा भीमसिंग यास सरकारने मरणोत्तर शौर्यपदक जाहीर केले. इटलीतील एका नदीवर त्याने दोन जखमी सोबत्यांना गोळीबारातून पाठीवर अलीकडे आणले आणि तिसऱ्यासाठी पुन्हा गेला, असे त्यात नमूद आहे. पदक मामलेदार कचेरीत माझ्या हाती देण्यात येईल. तू असतीस तर प्रथम हेच विचारले असतेस, की आता तरी थोरले दादा त्याचा टाक करतील का. त्याचसाठी लिहीत आहे.

त्याच्या तेराव्याचा प्रसंग मी पुन्हा तपासून पाहिला. सारंगखेड्यास दादांच्या अंगणात सारी भाऊबंदकी बसली होती. आपल्या कुळात जो लढाईत पडतो त्याचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात बसतो आणि दर धुळवडीस वीर म्हणून वाजतगाजत तापीवर स्नानाला जातो. जो अंथरुणावर मरतो, त्याच्या वाट्यास केवळ श्राद्ध येते. दादांनी मला विचारले, की भीमसिंग खाटवर गया का रणमा पडना. सरकारकडून आलेल्या तारेत इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते, की तो जखमांमुळे अकराव्या दिवशी इस्पितळात वारला. मी भाषांतर करून सांगितले, की खाटेवर. दादांनी दुसऱ्यांदा विचारले. त्यांस अलीकडे कमी ऐकू येत असावे असे समजून मी आवाज चढवला. त्यांनी तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा वर्गात सांगतो तसे एकेक अक्षर तोडून सांगितले, की खाटेवर, इस्पितळात.

जेठांसमोर बोलायचे नाही, म्हणून तू घुंगट घेऊन माझ्या पाठीशी दाराआड उभी होतीस. तू माझे उपरणे मागून ओढलेस. मला ते अशोभनीय वाटले. मी ते हिसडा देऊन सोडवून घेतले.

घरी परतल्यावर तू म्हणालीस, की पुन्हा जा, निस्तं रणमा पडना इतलं सांगा, मी तुमना पाय धरस. मी तुला सत्य या विषयावर पाऊण तास समजावले. त्यानंतर तू त्या गोष्टीचा उच्चार केला नाहीस. कशाचाच फारसा केला नाहीस. कार्तिकात गेलीस. डॉक्टरांनी दाखल्यावर अशक्तपणा असे कारण लिहिले. शब्द शुद्ध आहे. अपुरा आहे.

धुळवडीस तीन आठवडे आहेत. उद्या मी दादांस पत्र लिहून खोटे बोलणार आहे. लोभ ठेव असे लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे किंवा कसे, ते कळत नाही.

ओंकारसिंग

---

नंदुरबार,
ता. ६ फेब्रुवारी १९४५

तीर्थस्वरूप दादा यांचे सेवेशी,

बालके ओंकारसिंगाचे शि. सा. न. वि. वि.

भीमसिंगास शौर्यपदक मिळाल्याचे वर्तमान आपल्या कानी आले असेलच. दुसरे असे, की बावीस वर्षे इंग्रजी शिकवूनही माझ्याकडून भाषांतराची चूक झाली, हे कबूल करणे भाग आहे. तारेतील ज्या शब्दाचा अर्थ मी इस्पितळ असा केला, तो रणभूमीवरील मलमपट्टीचा तंबू होय. त्या तंबूवर शत्रू चालून आला असता भीमसिंग बंदूक घेऊन उठला आणि तेथेच पडला, असे त्याच्या हवालदाराने कळवले आहे. ते पत्र सोबत जोडणार होतो. परंतु वाटेत भिजल्यामुळे अक्षर लागत नाही.

तरी धुळवडीपूर्वी आपण भाऊबंदांसमक्ष मला तो प्रश्न पुन्हा एकवार विचारावा. मी योग्य उत्तर देईन. वहिनींस साष्टांग नमस्कार. धाकट्यावर आजवर होता तितकाच लोभ पुढेही असू द्यावा.

आपला,
ओंकारसिंग

---

सारंगखेडा,
ता. १४ फेब्रुवारी १९४५

चि. ओंकार यास हिंमतसिंगचा आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पावले. तुझ्या वहिनीला वाचून दाखवले. ती रडली, मी हसलो. लहानपणी आपण दोघे कैऱ्या चोरायचो. तू बापूंना आपण होऊन सांगायला जायचास आणि मार मला बसायचा. तो ओंकार पन्नाशीला खोटे लिहायला बसला, आणि लिहिले काय, तर पत्र भिजले! माघात, नंदुरबारात! अरे, खोटे बोलण्यासाठीसुद्धा तुला शिकवणी लावावी लागेल.

शहाण्या, मी तुला तार वाच म्हटले होते का? तो प्रश्न नसतो, तो मान असतो. लग्नात नवरीला नाव घे म्हणतात, तेव्हा ती काय खानेसुमारीला नाव लिहून देते? थोरल्याने विचारायचे, बापाने रणमा पडना म्हणायचे, मग आईने पदर पसरायचा आणि त्यात तांदूळ घालून वीर घरात घ्यायचा. आपले मोठे काका, ज्यांचा टाक पाटावर घेऊन तू स्वतः नाचला आहेस, ते मागच्या लढाईत बसऱ्याच्या छावणीत हगवणीने मेले. साऱ्या सारंगखेड्याला ठाऊक. आजोबांना विचारले. आजोबांनी छाती काढून सांगितले, रणमा पडना. कोणी तार मागितली नाही.

बाकीच्यांना एकदाच विचारतात. तुला तीनदा विचारले. तिसऱ्या वेळी तर डोळ्यांनी खूण केली. तू माझ्यावर ओरडलास, जसा मी बहिरा शे. बहिरा कोन व्हता, ते आते समजी ले.

भीमा मन्हा बी पोऱ्या व्हता. त्याले घोडावर मीच बसाडं. त्याचा टाक मला नको होता का? चांदीही आणून ठेवली होती. पण तो सवाल आईसमोर विचारायचा असतो, तिच्या पदरासाठी. आता कोणासमोर विचारू? त्या दिवशी सुगंधा दाराआड एका हाताने पदर पसरून उभी होती, हे तुझ्या वहिनीने पाहिले. तू खाटेवर म्हणालास, तरी तिने पदर धरून ठेवला. तू तिसऱ्यांदा म्हणालास, तेव्हा गोळा करून कमरेला खोचला.

रीत मला मोडता येत नाही. येत असती, तरी तुझ्यासाठी मोडली नसती. पदकाबद्दल आनंद वाटला. ते सरकारच्या देव्हाऱ्यात ठेव. धुळवडीला यायचे तर ये, भाऊ आहेस, जेवूनच जा. येणेजाणे तोडू नये.

हिंमतसिंग

---

नंदुरबार,
ता. ३ मार्च १९४५

कै. सौ. सुगंधाबाई ओंकारसिंग गिरासे हिस,

नमस्कार. यापुढे आशीर्वाद लिहिणार नाही.

पदक मिळाले. कचेरीत टाळ्या झाल्या. धुळवडीस ते कोटाच्या खिशात घालून मी सारंगखेड्यास गेलो. दादांनी ओसरीवर बसवून चहा दिला, प्रकृती विचारली. भीमसिंगाविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. टाक पाटावर मांडले होते, सात आहेत. मोठ्या काकांचा टाक घासून घासून गुळगुळीत झाला आहे, चेहरा ओळखू येत नाही. पण त्यांच्या पाटाला हात लावण्यासाठी पोरांची झुंबड उडाली होती.

डफ वाजू लागला आणि सारे तापीकडे निघाले. मी मागून चाललो. पाण्याशी टाकांना स्नान घालत असता मी मोठ्याने म्हणालो, की रणमा पडना. माझा आवाज वर्गातल्यासारखाच निघाला. डफ थांबला. भाऊबंदांतली सर्वांत म्हातारी कौसाबाई माझ्याकडे वळून म्हणाली, की मास्तर, तुमले कोन्ही इचारं का? लोक हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी डफवाल्याला वाजव म्हणून हाताने खूण केली. मी पुन्हा म्हणालो, आणि पुन्हा. तीन वेळा झाले. नंतरचे डफात ऐकू गेले नसावे.

परतल्यावर मॅट्रिकच्या मुलांच्या भाषांतराच्या वह्या तपासावयास घेतल्या. एकही चूक दुरुस्त करू शकलो नाही. वह्या तशाच परत केल्या आणि मुख्याध्यापकपदाचा राजीनामा दिला. धुळ्यास एक खोली पाहिली आहे. तेथे मला कोणी ओळखत नाही, म्हणजे विचारणारही कोणी नाही.

शाळेचे घर आज दुपारी रिकामे केले. दार ओढून कुलूप लावले व ते दोनदा ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या शाळेच्या कारकुनाकडे परत करून त्यांची पोच घेतली.

ओंकारसिंग