ळ म्हणता येणारा फोन

प्रिय ताई,

सुट्टीवर येणाऱ्या अरुणने हे पाकीट हातात दिलं की त्याच्यासमोर फोडू नकोस. त्याला चहा पाज, वाटेला लाव, आणि रेयांश आणि दाजी दोघंही घरात नसतील तेव्हा वाच. एवढं मोठं अक्षर बघून हसशील. काळ्या मार्करने लिहितोय म्हणून पानं वाढलीत, बाकी पाल्हाळ नेहमीचाच. ताई, मी फार घाबरलोय. आधी माझं सांगतो, कारण त्यातलं तुला अर्धंमुर्धंच माहीत आहे. ज्यासाठी लिहायला बसलो ते त्याच्यानंतर. एकदम तिथे पोचायची माझी छाती होत नाही.

डोळ्यांचा नंबर वाढलाय, एवढंच मी तुला मे महिन्यात सांगितलं होतं. ते खोटं होतं. माझी बाजूची नजर जातेय. समोरचं स्वच्छ दिसतं, पण नळीतून बघावं तसं. एप्रिलमध्ये आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमधून गाडी काढत होतो. एक बाई सामानाची ट्रॉली ढकलत डावीकडून आली आणि मला ती दिसलीच नाही. बॉनेटवर तिचा तळहात आपटला, तो आवाज ऐकून मी ब्रेक दाबला. तिला काही लागलं नाही. त्या दिवसापासून मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. अल नहदाच्या घरून ऑफिसला बसने जातो. विभावरीला सगळं माहीत आहे. ऑफिसात मात्र सांगितलंय की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. इथे आखातात नोकरीवर व्हिसा आणि व्हिसावर घर, त्यामुळे खरं कुणाला आणि कधी सांगायचं हे रोज उद्यावर ढकलतो.

डॉक्टर म्हणाले, हे लहानपणापासूनच असणार, तुम्ही मान वळवून वळवून सवय करून घेतलीत. यावर अजून खात्रीचा उपाय नाही म्हणे. किती वर्षांत किती जाईल तेही सांगता येत नाही. तिथल्या समुपदेशक बाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, आत्ता दिसतंय तोवर बोटांना आणि कानांना शिकवून ठेवा. म्हणून गेल्या शनिवारी सृष्टीला घेऊन फोन घ्यायला गेलो.

दुकानातला पोरगा उत्साही. हबीबी, कॅमेरा देखिए, चाँद का फोटो आता है, म्हणत होता. चंद्र राहू दे रे बाबा, मला बायकोचा नंबर लागला तरी पुरे, असं त्याला कसं सांगू? सृष्टी म्हणाली, "बाबा, जस्ट टेक द बिग वन." पोराने त्यात माझं सिम घालून दिलं, मी तो मोठा फोन हातात घेतला आणि डोळे मिटले. ताई, करून बघ एकदा. कपाटाच्या आरशावरून बोटं फिरवल्यासारखी नुसती गुळगुळीत काच, कुठे खाच नाही की उंचवटा नाही. त्या फोनच्या कडा वळलेल्या होत्या, त्यामुळे बोट कुठे घसरलं आणि कुठे टेकलं याचा पत्ता लागेना. बोटाखाली येईल ते फोन बोलून दाखवत होता, पण दुकानातल्या गोंगाटात त्याचा एकच स्पीकर, आणि नेमका तोच माझ्या तळव्याखाली दाबला गेलेला. मी अंदाजाने विभावरीच्या नावावर दोनदा टिचकी मारली आणि पलीकडून आमचे मॅनेजर विजयकुमार सरांचा आवाज आला. शनिवारी सकाळी! काही अर्जंट आहे का, म्हणाले. मी म्हटलं, चुकून लागला सर, खिशातून. डोळे उघडले तर सृष्टी माझ्याकडे बघत होती. तिला तोवर थट्टाच वाटत होती, मला वाटतं. मग ती एकदम कामाला लागली. सहा फोन काउंटरवर ओळीने मांडून घेतले, कुठल्याला सरळ, बोटाला लागेल अशी कड आहे, कुठला टिचकीला स्पष्ट थरथरतो, कुठल्याला दोन्ही टोकांना स्पीकर आहेत, सगळं स्वतः डोळे मिटून बघत होती. माझी अठरा वर्षांची मुलगी तिथे आंधळी होऊन बघत होती, आणि मी चार्जरच्या रॅककडे तोंड करून उभा राहिलो.

शेवटी दोन उरले. स्पर्शाला दोन्ही सारखेच. मग आवाजावर आलं. सृष्टीने दोघांवरही तुझा एक जुना मेसेज टाइप करून तो वाचायला लावला, "डोळ्यांची काळजी घे, बाळा" हा. पहिला अगदी गोड आवाजात म्हणाला, "डोल्यांची कालजी घे, बाला." आम्ही दोघं खो खो हसलो. दुसऱ्याचा आवाज रुक्ष, रेल्वेच्या घोषणेसारखा, पण पठ्ठ्याला ळ म्हणता येत होता. महाग होता, एकोणीसशे दिरहॅम, म्हणजे आपले चाळीस हजारांच्या वर. घेतला. उरलेलं आयुष्य मराठी ऐकायचं तर निदान ती मराठी असू दे.

आता पुढचं. जनुकांची तपासणी केली होती, तिचा रिपोर्ट मागच्या आठवड्यात आला. डॉक्टरांनी विचारलं, आईच्या बाजूच्या पुरुषांत कुणाची नजर गेली होती का? मी पटकन नाही म्हटलं. बसमध्ये बसलो आणि दिनूमामा आठवला. आठवतो ना, कसा प्रत्येक उंबऱ्याला ठेचकाळायचा? पंगतीत त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार नसायचं, कारण आमटी सांडणार हे ठरलेलं. आई त्याला धांदरट म्हणायची आणि सगळे हसायचे, तोही हसायचा. पुढे तो घराबाहेर पडेनासा झाला तेव्हा सगळे म्हणाले, मोतीबिंदू असेल, ऑपरेशनला घाबरतो. कुणी दवाखान्यात नेलं नाही. तो धांदरट नव्हता, ताई. त्याला दिसत नव्हतं, आणि हे त्याला स्वतःलाही कळलं नसेल.

रविवारी सकाळी मी नव्या फोनवर सराव करत होतो. डोळे मिटून बसलो आणि आलेला मेसेज वाचायला लावला. तो तुझा होता. त्या घोषणेच्या आवाजात फोनने मला सांगितलं, की रेयांशला लायसन्स मिळालं, दाजींनी मोटरसायकल घेऊन दिली, आणि चौथ्याच दिवशी संध्याकाळी क्लासहून येताना साहेबांनी ती दुभाजकावर घातली. म्हणतो, दुभाजक दिसलाच नाही. काल ताकाचा पेला पाडला, परवा शेजाऱ्यांच्या चपलांत अडखळला. पोरगा अगदी मामावर गेलाय. आणि पुढे, कारण हे फोन चित्रंही वाचतात, "हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा, हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा, हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा." मी डोळे उघडले. विभावरी चहा घेऊन आली होती, तिने कप माझ्या हातात न देता खाली ठेवला.

हे दुखणं आईकडून मुलाकडे जातं. आईला स्वतःला बहुधा काही होत नाही, ती नुसती पुढे देते. दिनूमामाला आजीकडून आलं, मला आईकडून. मुलींमध्ये ते असू शकतं, आणि बापाकडून प्रत्येक मुलीत उतरतंच, म्हणून सृष्टीत तर आहेच, तिच्या मुलांचं पुढे बघू. तुझ्यात आहे की नाही कुणाला ठाऊक नाही. शंभरातले पन्नास, असं डॉक्टर म्हणतात, आणि असलं तरी त्यात तुझा काही गुन्हा नाही, जसा आईचा नव्हता. कदाचित रेयांश खरंच नुसता वेंधळा असेल. तसं निघालं तर मी तिथे येऊन तुझ्या चार शिव्या खाईन, आनंदाने खाईन. तू फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवतेस आणि तो शेजारी जेवत असतो, म्हणून हे बोललो नाही, लिहिलं. या आठवड्यातच त्याला डोळ्यांच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे ने, माझ्या रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे. नुसता नंबर तपासून आणू नकोस, बाजूची नजर तपासायला सांग. पण ते उद्या. आज तो क्लासहून घरी आला की मोटरसायकलची किल्ली काढून घे. भांडेल, आदळआपट करेल, तरी देऊ नकोस. आधी किल्ली घे ताई, रडायचं ते मग.

तुझाच,
सुजीत