तिच्या ओटीचा नारळ

१२ नोव्हेंबर
कॅनमधली मोजकाठी बाहेर काढून संतोषने हवेत हलवली, तेव्हा तिच्यावर पांढरी रेघ उमटली. आत द्रव नायट्रोजन तेवढाच उरला होता. पंधरा वर्षं माझा नवरा गावोगावच्या गायींना रेतन करतो. बैलांच्या गोठवलेल्या वीर्याचा हा कॅन आमच्याच पडवीत असतो. मी कधी नीट पाहिलं नव्हतं. आज विचारलं, आतलं किती काळ टिकतं?
"नायट्रोजन भरत राहिलो तर? आपल्यापेक्षा जास्त."
माझी स्वतःची स्त्रीबीजं दोनदा रुजली नाहीत. वय त्रेचाळीस. आता दुसऱ्या बाईची. अशाच एका कॅनमध्ये आहेत, मुंबईच्या बँकेत.

१५ नोव्हेंबर
डॉ.नी कागद दिला. वय सव्वीस. ओ पॉझिटिव्ह. नाव नाही, गाव नाही, नंबर. बीजं सात. कायद्याने बाई आयुष्यात एकदाच देऊ शकते.
मार्चमध्ये काढली. मार्चमध्ये मी दहावीचे पेपर तपासत होते. तेव्हापासून ती थांबली आहेत. थांबणं हा शब्द बरोबर नाही. दुसरा सापडेना.

१९ नोव्हेंबर
सासूबाईंना सांगितलं. वाटलं, जात विचारतील. बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग,
"त्या बायची वटी कोनी भरली गो?"
"तिचं नाव कळत नाही, आई. तिलाही आपलं नाही."
"म्हंजे तशीच ग्येली?"
पाच महिने फॉर्म भरतेय. हे मला सुचलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर
बीजं रत्नागिरीत आली. आमच्या घरापासून चार किलोमीटर. सं.ने लॅबमधल्या मुलीला विचारलं, "नायट्रोजनची लेव्हल बघितलीत?" ती चमकलीच.
घरी आलो तर पडवीतल्या कॅनवर खण, तांदूळ, नारळ. झाकणाला हळदकुंकू.
"आये, ह्यात बैल हायत!"
"गप ऱ्हा. थंडी तीच ना?"
सं.ने नारळ हलवला नाही.

२७ नोव्हेंबर
आज वितळवली. सहा जगली. लॅबमधल्या मुलीने पडद्यावर एक दाखवलं. बर्फासारखं काही असेल असं वाटलं होतं. थेंब होता. कडेला फिकट उजेड. आठ महिने मागचा एक दिवस, आज सुरू झालेला.
हात जोडावेसे वाटले, जोडले नाहीत. मग ते कुठे ठेवावेत कळेना.
सं.चं बीज दुपारी प्रत्येकात सोडलं. किती फलित होतील ते उद्या. घरी आलो तर आई दारातच उभ्या. सं. म्हणाला, "सा जगली, आये." त्यांनी मान हलवली, सातव्याचं विचारलं नाही.
ती बाई आज कुठे

२८ नोव्हेंबर
सकाळी ८.४० ला फोन. सहापैकी चार फलित. आता पाच दिवस बघायचं, मग त्यातला एक गर्भ माझ्यात ठेवतील.
पाठोपाठ हातखंब्याहून सं.ला फोन, गाय माजावर आली आहे. त्याने नारळ उतरवला, झाकण उघडून एक नळी लहान कॅनमध्ये घेतली, झाकण लावलं, नारळ परत ठेवला आणि गेला.