तीन पुल-अप आणि टॉवरवरची जागा

२ मार्च, सकाळी ६.१०
चार वर्षं टॉवरची ड्रॉइंग्ज मी काढतेय आणि वर चढतात दुसरेच. आता साइटवर एक जागा निघाली आहे. अट एकच: ३० एप्रिलला सलग तीन पुल-अप, म्हणजे बारला लटकून हनुवटी बारच्या वर. माझा सध्याचा आकडा शून्य. हातात आठ आठवडे. प्रश्न ताकदीचा नाही, नियोजनाचा आहे.

३ मार्च
व्हॉल्यूम म्हणजे किती वेळा, इंटेन्सिटी म्हणजे किती जड. दोन्ही एकदम वाढवले की माणूस आडवा होतो. म्हणून तक्ता केला. सहा रंग. व्यायाम राहिला, पण पाया भक्कम झाला.

९ मार्च, सकाळी ६.४०
स्वयंपाकघराच्या दारात बार बसवला. खाली स्टूल, स्टुलावर वजनकाटा, काट्यावर मी. वजन साठ. बार ओढला की काटा अठ्ठेचाळीस दाखवतो. म्हणजे मी बारा किलो उचलते, वीस टक्के. असे पंधरा काढले. पंधरा गुणिले वीस टक्के, बरोबर तीन. हिशेबाने आजच पास.
आई म्हणाली, काट्यावर लोंबकळून वजन उतरत असेल तर मलाही सांग गं.

२१ मार्च
व्हॉल्यूम साठ वेळांवर नेला. इंटेन्सिटी तीच. दादा म्हणाला, तक्त्याला बेटकुळ्या आल्यात, तुला कधी येणार? तो कॉमर्सचा.

१ एप्रिल
आजपासून इंटेन्सिटी. स्टूल काढलं. लटकले. खांदे कानांपर्यंत गेले, बाकीची मी जिथल्या तिथे. एकाच रीडिंगवरून निष्कर्ष काढत नाहीत. स्टूल परत ठेवलं.

१२ एप्रिल
खांदा धरला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, स्टुलाशिवाय किती होतात? मी सांगितलं, साठचे वीस टक्के, बारा. त्या म्हणाल्या, अगं, हिशेब राहू दे, पूर्ण असे किती? त्यांना गणिताची आवड दिसत नाही.

२३ एप्रिल
परीक्षेआधीचा आठवडा विश्रांतीचा. तक्त्यात तसंच आहे. तक्त्याबरहुकूम घडलेला हा पहिलाच आठवडा असेल.

३० एप्रिल, दुपारी १२.२०
बारला लटकले. सुरक्षा अधिकारी वही-पेन घेऊन समोर. दहाएक सेकंद वाट पाहून अदबीने म्हणाले, मॅडम, घाई नाही, तयार झालात की सुरू करा.
मी तेव्हा सगळी ताकद लावून ओढत होते.
म्हटलं, झालं माझं.