पाक लेमान यांच्या कानांचे साचे आणि माझी इतर मिळकत

मी, शैला मनोहर देवस्थळी, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त ऑडिओलॉजिस्ट, राहणार बुकित पंजांग, सिंगापूर, हे माझे शेवटचे मृत्युपत्र माझ्याच हाताने, माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरकडून घेतला असून सोबत जोडला आहे. त्याने मला वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले आणि पंतप्रधानांचे नाव विचारले. मी ते सांगून वर चार मंत्री खात्यांसकट सांगितले. दोन प्रश्न त्याला पुन्हा विचारायला लावले, कारण हल्लीच्या डॉक्टरांना तोंड उघडून बोलायचा कंटाळा असतो.

हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ते आणण्याची इच्छा घरातल्या व बाहेरच्या काही जणांना आहे, असा माझा संशय आहे. त्यांची नावे त्या त्या कलमात येतील. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. वकिलाने इंग्रजीत करा असे सुचवले होते. इंग्रजी लुमारा या देशाच्या माणसांना वाचता येते (ती कोण ते कलम ४ मध्ये येईल), म्हणून मी मराठीत करत आहे. कोर्टाला हवे तर त्यांनी भाषांतर करून घ्यावे.

कलम १. राहता फ्लॅट माझी मुलगी अनघा हिला द्यावा. ती विद्यापीठात संशोधन करते, अविवाहित आहे आणि याच घरात राहते, म्हणून देत आहे. विश्वास आहे म्हणून देत नाही. वर्षभरापासून ती फोन आला की बाल्कनीत जाते आणि मी आले की बोलणे थांबवते. मी विचारले तर म्हणते, काही नाही, कामाचा होता. कामाचा फोन आईला बघून थांबत नाही. शिवाय जेवायला पूर्वी ती माझ्यासमोर बसायची, आता माझ्या उजवीकडे खुर्ची ओढून बसते. तिथून माझ्यापुढचा कागद नीट दिसतो. मी मध्ये वर्तमानपत्र उभे करून लिहिते. रुचिर पुढच्या रविवारी येईल तेव्हा टेबल सरकवून त्याची उजवी बाजू भिंतीला लावून घेणार आहे, म्हणजे तो प्रश्न मिटेल.

अट अशी की, अनघाने लुमाराच्या कोणाही माणसाकडून माझे जुने पेशंट पाक लेमान यांच्याबद्दल बोलण्यासाठी काही घेतल्याचे सिद्ध झाले, तर फ्लॅट माझा मुलगा रुचिर यास जावा.

कलम २. बँकेतील शिल्लक व माझे दागिने रुचिरला द्यावेत. तो आणि सून शिवांगी जुरोंग ईस्टला कॉन्डोत राहतात. आले की तो छताकडे, खिडक्यांकडे बघतो आणि म्हणतो, आई, एवढ्या मोठ्या जागेत तुम्ही दोघीच. त्याला काय म्हणायचे असते ते मला कळते. तरी मुलगा आहे.

कलम ३. माझा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे कान तपासायचा नादकाटा, नात इरा हिला द्यावा. मुंबईत शिकत असताना तो माझ्या वडिलांनी मला घेऊन दिला होता. मागे इराने तो गुडघ्यावर आपटून माझ्या डाव्या कानाशी धरला. मी म्हटले, वाजव ना. ती म्हणाली, "आजी, आय ऑलरेडी डिड, लाह." फोर्क जुना झाला आहे, पूर्वीसारखा वाजत नाही. तरी आठवण म्हणून ठेवावा.

धाकटे दीर निशिकांत, पुणे, यांना काहीही देऊ नये, पण दिले नाही हे आवर्जून कळवावे. दर समारंभात ते, "आमची वहिनी एका पंतप्रधानाच्या कानातला मळ काढते," असे सांगून लोकांना हसवत आले आहेत. मी मळ काढत नव्हते. माझ्या यजमानांनी, कै. मनोहर यांनी, त्यांना एकदाही गप्प बसवले नाही, हेही इथे लिहून ठेवते.

कलम ४. माझ्या कपाटातील बिस्किटांच्या जुन्या डब्यात कानांचे सात साचे आहेत. ते लुमारा या बेटांच्या देशाचे माजी पंतप्रधान पाक लेमान (पाक म्हणजे तिकडचे श्रीयुत) यांच्या कानांचे आहेत. श्रवणयंत्र कानात घट्ट बसावे म्हणून मऊ रबरासारखे द्रव्य कानात भरून असा साचा घेतात. माणसाचे वजन, वय बदलले की कानाची पोकळीही बदलते आणि नवा साचा घ्यावा लागतो. त्यांचे सगळे साचे मी घेतले आहेत.

पहिला साचा घेतला तेव्हा ते पंतप्रधान नव्हते. विमानतळावर फोटो काढले जातात म्हणून ते फेरीबोटीने हार्बरफ्रंटच्या धक्क्याला उतरले आणि आमच्या क्लिनिकमध्ये शाळामास्तर म्हणून नाव लिहून आले. तरुणपणी कोळ्यांच्या होडीवर कामाला असताना, मासे मारायची दारू त्यांच्या डाव्या बाजूला फुटली होती. डावा कान कायमचा गेलेला. उजवाही उतरणीला लागला होता. मी तपासणीचा कागद पुढे ठेवला तेव्हा त्यांनी तो पाहिला नाही, आधी दरवाजा लागला आहे ना ते पाहिले.

"दोक्तोर," ते म्हणाले, "आमच्याकडे लोक चोराला मत देतील. बहिऱ्याला देणार नाहीत."

त्यांची सगळी कारकीर्द या कानांवर उभी राहिली, हे माझ्याशिवाय फार थोड्यांना माहीत आहे. कोळ्यांच्या संघटनेच्या सभेत ते माइकशिवाय धक्क्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे बोलत. लोक म्हणाले, काय छातीचा माणूस आहे. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून ते तेवढ्या मोठ्याने बोलत. त्या भाषणांसाठी तुरुंगात गेले आणि बाहेर आले ते पुढारी होऊन. पुढे पंतप्रधान झाल्यावर प्रश्न विचारणाऱ्याकडे ते आधी टक लावून बघत आणि मग सावकाश उत्तर देत. वर्तमानपत्रांनी त्यालाही भारदस्तपणा म्हटले. ते ओठ वाचत होते.

त्यांनी बेटाबेटांवर दवाखाने आणि शाळा काढल्या. सलग तीनदा निवडून आले. दुसरा, तिसरा, चौथा साचा त्या काळातला. चांगले भरलेले, गुटगुटीत कान. पण प्रत्येक खेपेला त्यांच्या तक्रारी बदलत गेल्या. आधी म्हणत, मंत्री पुटपुटतात. मग म्हणायला लागले, मुद्दाम पुटपुटतात. मग म्हणाले, मी खोलीत शिरलो की गप्प होतात. हसला म्हणून एक मंत्री काढला. दोन वर्तमानपत्रे बंद केली. मी त्यांना सांगितले की ऐकू कमी आले की माणसाला असेच वाटते, पुस्तकात लिहिलेले आहे, यंत्र दिवसभर घाला. ते घालत नसत. फोटोत दिसेल म्हणत.

मग दक्षिण किनाऱ्यावरची कोळ्यांची वस्ती पाडली गेली आणि त्यात माणसे मेली. बैठकीत उपपंतप्रधानांनी परवानगी विचारली तेव्हा पाक लेमान यांनी मान हलवली होती. नंतर माझ्याकडे येऊन ते म्हणाले, दोक्तोर, मला ऐकूच आले नव्हते. मी विचारले, यंत्र कानात होते का? मीच ते आदल्या आठवड्यात जुळवून दिले होते. ते घातल्यावर त्यांना बाहेर सफाईवाल्याच्या किल्ल्या ऐकू येत. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले आणि मग प्रश्न पोचलाच नाही अशा चेहऱ्याने खिडकीकडे वळले.

म्हणून मी त्यांच्या बाजूने बोलणार नाही. त्यांच्या पक्षाची माणसे माझ्याकडे येऊन गेली आहेत. त्यांना लिहून हवे आहे की ते बहिरे होते, म्हणजे दोष उपपंतप्रधानांवर जाईल. उपपंतप्रधान आता तिथे सत्तेवर आहेत. त्यांचीही माणसे येऊन गेली. त्यांना हे साचेच नाहीसे व्हायला हवे आहेत. दोघांनी येताना मिठाईचा एकाच दुकानातला डबा आणला, त्यामुळे ती एकाच घरातली माणसे असावीत असाही मला संशय आहे. मी दोघांनाही चहासुद्धा विचारला नाही.

कलम ५. वरील साचे रोस्ना यांना द्यावेत. त्या पाक लेमान यांच्या सचिव होत्या आणि आता लुमारात आपल्या गावी शिवणकाम करतात. साचे अनघाने फेरीने स्वतः नेऊन द्यावेत, पोस्टाने पाठवू नयेत. रोस्ना हयात नसल्यास वाटेत समुद्रात सोडावेत.

कारण असे. रोस्ना त्यांच्या उजव्या हाताला उभ्या राहत आणि कोणी काही विचारले की तोंड त्यांच्याकडे करून प्रश्न पुन्हा शांतपणे सांगत. हे त्यांना मी शिकवले होते. खोलीतला पंखा आधी बंद करा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर येऊ द्या, समोर या, ओरडू नका. तिसऱ्या निवडणुकीनंतर एके दिवशी पाक लेमान मला म्हणाले, "ती बाई सारखी माझ्या उजव्या कानाशी असते. कोणासाठी ऐकते?"

मी म्हटले, "तुमच्यासाठी."

"म्हणजे तुम्हालाही विकत घेतलं," ते म्हणाले आणि उठून गेले.

रोस्नांना काढून टाकले. त्यानंतर संसदेत पाक लेमान यांना एक विचारले की ते दुसऱ्याचेच उत्तर देऊ लागले. सभागृह हसले. त्यांच्याच पक्षाने त्यांना उतरवले आणि ते इथे येऊन हार्बरफ्रंटजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिले. शेवटचा साचा तिथला. वजन इतके उतरले होते की आधीचा साचा कानातून गळून पडे. त्यांचा स्वयंपाकीही टिकेना, कारण ते कोणालाच टिकू देत नव्हते. ते गेल्याचे कळल्यावर मी पाहायला गेले. त्यांनी पलंग सरकवून त्याची उजवी बाजू भिंतीला लावून घेतली होती, त्या बाजूने कोणाला येताच येऊ नये म्हणून. मला त्या माणसाचा फार राग होता आणि त्या दिवशी फार वाईट वाटले.

कलम ६. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी एक एक्झिक्युटर नेमावा लागतो. रुचिर घाई करील, शिवांगी त्याचे ऐकेल, अनघाचे वर लिहिलेच आहे. विश्वास टाकावा असे नाव अद्याप सुचलेले नाही, म्हणून जागा मोकळी सोडली आहे.

पुरवणी. वरील मजकूर पुरा करून मी रविवारी सहीसाठी बसले. साक्षीदार म्हणून वरच्या मजल्यावरचे शैलेंद्र काणेकर आणि त्यांच्या पत्नी मेधा यांना बोलावले होते. मेधा आल्या. शैलेंद्र हार्बरफ्रंटच्या ऑफिसात अडकले. सही दोन्ही साक्षीदारांच्या एकत्र समोर व्हावी लागते. मेधा म्हणाल्या, उद्या करू. मला उद्यावर टाकायचे नव्हते. उद्यापर्यंत कागदाचे काय होईल याची खात्री नव्हती. तेव्हा अनघाने विचारले, मी केली तर चालेल का?

पुढे कोणी मला फसवी म्हणू नये म्हणून मी मेधासमोर तिला कायदा सांगितला. जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीस तर फ्लॅट गेला. मी तिचा चेहरा पाहत होते.

ती उठली. तिने पंखा बंद केला, बाल्कनीचा पडदा सारला, माझ्या उजवीकडची खुर्ची ओढून माझ्या तोंडासमोर आणली आणि सावकाश म्हणाली, "मला माहीत आहे, आई. जाऊ दे फ्लॅट. तुझा जीव शांत होऊ दे."

मी विचारले, "बाल्कनीत कोणाशी बोलतेस?"

"क्लिनिकशी. दरवेळी अपॉइंटमेंट घेते आणि तू रद्द करतेस. डाव्या कानानं तुला काहीच ऐकू येत नाही आता. म्हणून मी इथे बसते."

मेधा टेबलाकडे बघत होत्या. यातही काही डाव असेल, असे माझ्या मनात आले. बाकी सगळे लिहिले आहे तर हेही लिहिते. पण पंखा, उजेड, समोर येणे, न ओरडणे, हे मी तिला कधी शिकवले नव्हते. शाळा सुटल्यावर ती माझ्या क्लिनिकच्या कोपऱ्यात अभ्यासाला बसायची, तेव्हा बघितले असणार. मग मला तो भिंतीला लावलेला पलंग आठवला. मी खूप रडले. मेधांनी पाणी आणून दिले.

म्हणून, कलम १ मधील अट रद्द. फ्लॅट अनघाचा. एक्झिक्युटर म्हणून कलम ६ मधील मोकळ्या जागी अनघाचे नाव मी लिहिले आहे. अनघाने साक्षीदार म्हणून सही करायची नाही, मी करू दिलेली नाही. टेबल आहे तिथेच राहील, तसे रुचिरला कळवले आहे. अनघाने घेतलेली मंगळवारची अपॉइंटमेंट मी रद्द करणार नाही. माझ्या कानांचे जे साचे घेतले जातील ते माझ्यामागे अनघाला द्यावेत. इराला द्यायचा ट्यूनिंग फोर्क उत्तम वाजतो.

स्थळ: बुकित पंजांग, सिंगापूर
दिनांक: सोमवार, १६ जून २०२५

सही: शैला मनोहर देवस्थळी

आम्हा दोघांच्या एकत्र देखत श्रीमती देवस्थळी यांनी वर सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही करत आहोत:

साक्षीदार १: शैलेंद्र काणेकर
साक्षीदार २: मेधा शैलेंद्र काणेकर

अनघा मनोहर देवस्थळी: साक्षीदार नाही. सही होताना माझ्या उजवीकडे बसली होती.