एका कानाचा घोडा

प्रिय हायडी,

हे फोनवर सांगायला गेले असते तर नेहमीसारखं हवापाण्यावर बोलून फोन ठेवला असता, म्हणून कागद घेऊन बसले आहे. मी रागावले आहे. आपल्या आयोवात असं कुणी सहसा तोंडाने म्हणत नाही, तुझ्या आजीने तर जन्मात म्हटलं नाही. मी म्हणते आहे. भयंकर रागावले आहे.

जूनमध्ये कंपनीच्या कामासाठी तू इथे आलीस, ग्रॅहमला आणि माझ्या नातीला, विनीला घेऊन. त्याआधी फोन केलास, "आई, आम्ही घरी उतरू की हॉटेलात?" मी म्हटलं, "छे गं, आमच्यासाठी कशाला गैरसोय करून घेता? बरं पडेल तिथे उतरा." तू म्हणालीस, "बरं, मग हॉटेलच घेते." झालं! अगं, याच गावात वाढलीस ना तू? पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं, दुसऱ्यांदाही नाहीच, आणि तिसऱ्यांदा 'एवढा आग्रह आहे तर' म्हणत हो म्हणायचं, हे आता या वयात तुला शिकवू? शेजारची डोना केक घेऊन आली तरी आपण दोनदा नको म्हणतो. तू पुन्हा विचारशील म्हणून मी फोन कानाला लावून उभी होते. वरच्या खोलीत धुतलेल्या चादरी घालून झाल्या होत्या. बाबांनी तुझी तीनचाकी सायकल माळ्यावरून काढून तिला तेल दिलं होतं. तुमच्या सिअ‍ॅटलला लोक पहिल्या नकारालाच नकार समजतात म्हणे. समजोत बापडे, पण तू सिअ‍ॅटलची कधीपासून झालीस?

मग इथे आल्यावर फोन, "आई, सगळा वेळ बैठकांतच जातोय गं, पुढच्या वेळी नक्की." तेही मी गिळलं. पण नंतर तुझे फोटो पाहिले. प्राणिसंग्रहालयात पाणमांजरांपुढे नाचणारी विनी. काचेच्या छताखालच्या बागेत केळीखाली उभी असलेली तू, म्हणजे बैठका काही सगळा वेळ नव्हत्या. नदीच्या संग्रहालयात माशाच्या सापळ्याशेजारी दात काढणारा ग्रॅहम. आणि खाली तुझ्या हातची ओळ: 'हॉटेलपासून सगळं दहा मिनिटांवर!' आम्हीसुद्धा दहा मिनिटांवरच राहतो, हायडी. हॉटेलच्या दाराशी रंगीत पत्रकं मांडून ठेवतात, त्यांत आपलं घर छापलेलं नाही, एवढंच. पाणमांजरं बघायला वेळ मिळतो आणि आईबाप बघायला मिळत नाही, ही कुठली रीत?

शेवटच्या फोटोने मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बागेतल्या मेरी-गो-राउंडवर, करड्या लाकडी घोड्यावर विनी बसली आहे, आणि तिच्या कमरेचा पट्टा आवळणारा एक हात दिसतो. फक्त हात. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. ट्रॅक्टरच्या कारखान्यात तो अंगठा चेंगरला तेव्हा तू दुसरीत होतीस, आणि 'आमच्या बाबांच्या नखाला भांग पाडलाय' म्हणून वर्गभर सांगत सुटली होतीस. तोच फोटो तू हसऱ्या चेहऱ्यांच्या चित्रांसह जगाला दाखवलास. बापाचा हात ओळखला नाहीस, की ओळखून गप्प बसलीस? यातलं वाईट कुठलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबा दर शनिवारी तिथे बिनपगारी काम करतात, हे मी तुला निदान चारदा तरी सांगितलं असेल. त्या संध्याकाळी ते जेवताना एवढंच म्हणाले होते, "आज गर्दी बरी होती." फोटो पाहिल्यावर मी त्यांना धारेवर धरलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं. तू कामात होतीस, ग्रॅहम विनीला घेऊन आला होता. त्याने बाबांना पाहिलं ते एकदाच, तुमच्या लग्नात, सूट घातलेले. आता डोक्यावर टोपी आणि तोंडभर दाढी, तो बिचारा कसा ओळखणार? विनीला आजोबा माहीत आहेत ते फोनमधल्या नुसत्या कपाळापुरते. पण आपल्या फ्रिजवर तिचा फोटो आहे, बाबांनी तिला रांगेतच ओळखलं. त्यांनी ग्रॅहमला विचारलं, "कुठून आलात?" तो म्हणाला, "माझी बायको इथलीच. पण ती म्हणते, या गावात एका दुपारपुरतंच काय ते बघण्यासारखं आहे." बाबा हसून म्हणाले, "दुपारसुद्धा जास्तच झाली!" आणि एकाच तिकिटावर विनीला पुन्हा पुन्हा फिरवत राहिले.

मी ओरडलेच, "अरे, मी तिचा आजोबा म्हणून सांगितलं का नाहीस?" तर म्हणतात कसे, "अगं मार्लिस, सुट्टी घालवायला आलेत बिचारे. मी ओळख दिली असती तर त्यांना घरी यावं लागलं असतं. कशाला उगाच संकोचात टाकायचं?" संकोच! मी हातातलं कॅसरोलचं भांडं टेबलावर असं आपटलं की त्याला तडा गेला. भांडं डोनाचं होतं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये म्हणतात, आणि हे आता भरताही येत नाही.

आता खरं कारण सांगते. त्या करड्या घोड्याला डावा कान नाही. कुणी तोडला, ते तुला माहीत आहे. लहानपणी कानाला लोंबकळलीस आणि तुकडा मुठीत धरून रडत बाबांकडे धावलीस. बागेची समिती कधीची कान बसवा म्हणते आहे आणि बाबा 'हायडीची खूण आहे, राहू दे' म्हणून टाळत आले. विनीने त्यांना विचारलं, "याला एकाच बाजूचं ऐकू येतं का?" बाबा म्हणाले, "तू पुन्हा येशील तेव्हा दोन्ही बाजूंचं येईल." ती म्हणाली, "मग मी शनिवारी येते." लहान मूल ते, बोलून विसरलं असेल. म्हातारा विसरला नाही. त्यांनी गॅरेजमध्ये बसून कान कोरला, रंगवला, पण बसवलेला नाही. दर शनिवारी तो सदऱ्याच्या खिशात घालून नेतात, दिवसभर रांगेकडे बघतात, आणि घरी आले की पुन्हा खिडकीत ठेवतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर मेरी-गो-राउंड बंद होईल, आणि पुढल्या वर्षी आपण येणार नाही असं त्यांनी समितीला कळवलं आहे. गुडघे आता साथ देत नाहीत. हे पत्र त्यांच्या नकळत लिहिते आहे. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हटलं, म्हणून आता मी विचारते, आपल्या रीतीने. विनीला घेऊन घरी ये. तू म्हणशील, तुम्हाला कशाला त्रास. त्रासबिस काही नाही, ये. तू म्हणशील, काम आहे, बघू. ये, हायडी. हे तिसऱ्यांदा झालं. यानंतर नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही.

तुझीच, अजून रागावलेली,
आई