गुळवेल

उंद्री

महामाया वहिनीले जयभीम,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहून राह्यलो. आधीची दोन चुलीत गेली.

मागच्या आठवड्यात तुम्ही फोनवर म्हटलं, "भाऊजी, एचआयव्हीच्या गोळ्यायनं मले गरगरते. तुमचा गुळवेलीचा काढा मलेबी द्या." मी सांगितलं, वेल वाळली, गोळ्या सोडू नका. खोटं बोललो. वेल कडुलिंबावर हिरवीगार होती.

मले हा रोग निघाल्याले सतरा वर्षं झाली. गोळी एक घेतली नाही, काढाच पेलो अन् ठणठणीत राह्यलो. म्हणून सहदेवदादाले रोग निघाला तवा मीच म्हटलं, "गोळ्या काऊन खातं? माह्याकडं पाह्य." त्यानं गोळ्या सोडल्या. दीड वर्षात गेला.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईनं माह्यं रक्त तीनदा तपासलं. म्हणाल्या, "काका, विषाणू आहे, पण तुमचं शरीरच त्याला दाबून ठेवतं. फार थोड्यांचं असं असतं. काढ्याचा संबंध नाही."

मी विचारलं, "सख्ख्या भावाचंबी असंच असते ना?"

"तसं काही नाही, काका."

वहिनी, तुम्ही अजून म्हणता, "माह्या हातून दोन दिवस काढा चुकला म्हणून हे गेले." अन् मी खाली मान घालून ऐकतो.

फोन ठेवल्यावर मी वेल बुडातून कापली. वाटलं, निदान तेवढं तरी खरं व्हावं. आज पाह्यलं, तर वरून बारीक मुळ्या मातीकडं सोडून राह्यली. तिले काही होत नाही.

मलेबी होत नाही.

तुमचा दीर,
प्रेमानंद