भिंतीतली तार

२९ ऑक्टोबर २००५, शनिवार

टीव्हीला फोन कशाला लागतो? आज बाबा गावातल्या नुन्झियाता आजींकडे डिश बसवत होते आणि मी शिडी धरायला गेले, तेव्हा आजींनी विचारलं. "चित्र आकाशातून येतं म्हणतेस ना? मग हा डबा फोन लावून सांगतो कुणाला? आणि काय सांगतो?"

रिमोटवरून फुटबॉलचा सामना विकत घेतला की डिशचा डबा कंपनीला फोन करतो, एवढं मला माहीत आहे. मधूनअधून आपणहूनही करतो. तेव्हा काय बोलतो, देव जाणे. तसंच सांगितलं. आजी म्हणाल्या, "मग बारीच्या विद्यापीठात पाच वर्षं काय शिकलीस?"

कायदा शिकले, आजी, कायदा!

बाबा शिडीवर हसत होते. त्यांनी तार नेहमीसारखी भिंतीच्या आतून नेली, फोनच्या सॉकेटमागे जोडली आणि वरून गिलावा करून चुना मारला. जोड कुठे आहे ते त्यांनाही पुन्हा शोधावं लागेल. "तार दिसली की काम कच्चं." हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले आहे.

१ नोव्हेंबर, मंगळवार

संतांचा सण. आजोबांच्या कबरीवर शेवंती ठेवून परतताना फाटकापाशी जेल्सोमिनाबाईंनी गाठलं. त्यांनीच मला शाळेत गणित शिकवलं. अजूनही त्यांच्यासमोर माझी पाठ आपोआप ताठ होते.

त्यांना टेलिफोन कंपनीचं पत्र आलं आहे. वरच्या आळीतली लाइन इंटरनेटला लायक नाही, तेव्हा तीस नोव्हेंबरपासून तिथलं इंटरनेट बंद! मार्चमध्ये दिलं, नोव्हेंबरात काढून घेणार. रोज दहा वेळा तुटतं हे खरं. कंपनीचा माणूस, साबीनो, तीनदा येऊन गेला आणि डोकं खाजवत परत गेला.

"तू आता डॉक्टरबाई झालीस ना? मग लिही काहीतरी!" पदवी मिळाल्यापासून सगळं गाव मला डॉक्टरबाई म्हणतं. आजवर कुणाची नाडी पाहिली नाही, पण बरं वाटतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी आठवीच्या पुढे गेलं नाही.

लिहिणार. मोठ्या शहरांना जे आपोआप मिळतं ते डोंगरावरच्या गावाने भीक मागून का घ्यावं?

५ नोव्हेंबर, शनिवार

निवेदन तयार. सहा मुद्दे. चौथा सगळ्यात चांगला उतरला आहे: तंत्रज्ञ साबीनो यांच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे आळीचं नुकसान झालं, त्यांना या भागातून तत्काळ हटवण्यात यावं. 'अक्षम्य' हा शब्द मी दोनदा गिरवला.

आईला वाचून दाखवलं. तिला निम्मं कळलं नाही, तरी डोळे पुसले. पहिली सही बाबांनी केली — हळू, ठळक, आडनाव आधी. "खांब सडलेत, तारा सडल्यात आणि माणसंही सडलीत त्यांची," म्हणाले.

८ नोव्हेंबर, मंगळवार

एक्केचाळीस सह्या!! नगराध्यक्षांनी सव्वीस तारखेला सभा ठेवली. कंपनीचे लोक येणार.

१३ नोव्हेंबर, रविवार

जेवण झाल्यावर जेल्सोमिनाबाईंकडे कॉफीला गेले. दर रविवारी पावणेतीनला त्या तुरिनच्या मुलाशी कॉम्प्युटरवरून बोलतात. आज मी शेजारी बसून घड्याळ समोर ठेवलं. सभेत पुरावा लागेल.

दोन पन्नासला मुलाचा आवाज तुटला. मग सगळंच गेलं.

"बघ! बघ! दर रविवारी हेच!" बाई कॉम्प्युटरवर थाप मारत ओरडल्या.

"अगं, कंपनी चोर आहे, मी कधीचा सांगतोय," नवरा आर्कांजेलो कोचावरून म्हणाला. पाय स्टुलावर, हातात रिमोट. "आता जरा गप्प बस. सामना आत्ताच घेतलाय, सुरू होईल."

"सामना, सामना! मुलाशी एक शब्द बोलतोस का?"

"तो कुठे बोलतो? तो तुटतो!"

निवेदनात जोडलं — रविवारच्या गर्दीचा भार कंपनीच्या तारांना पेलत नाही.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

चौकातल्या बारमध्ये साबीनो भेटला. भेटला कसला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा असेल. बुटांना चिखल.

"त्या कागदात माझं नाव घातलंय म्हणे तुम्ही?"

हो म्हणाले. माझे कान तापले होते.

"माझा करार डिसेंबरपर्यंत आहे. असा कागद गेला की पुढचा मिळत नाही. तुमचा संताप मला कळतो. पण मी प्रत्येक घराची लाइन मोजलीय, बाई. बाहेर खांबापर्यंत स्वच्छ आहे. घरात शिरली की बिघडते. कुठे बिघडते ते दिसत नाही. भिंती फोडायची मला परवानगी नाही."

"मग नीट शोधा," म्हणाले. फार कडक. घरी येईपर्यंत पुढची उत्तरं सुचत होती, त्यातलं एकही चांगलं नव्हतं.

२० नोव्हेंबर, रविवार

लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

कंपनीला कायद्याने पकडायचं म्हणून सकाळी इंटरनेटच्या खोक्यातलं माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचलं. नऊ पानं, बारीक अक्षर. आमच्याकडे ते कुणीच वाचत नाही. सातव्या पानावर: फोनच्या लाइनला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र फिल्टर लावावा — फोन, फॅक्स, चोरघंटी, डिशचा डबा. न लावल्यास इंटरनेट तुटेल.

डिशचा डबा.

फिल्टर म्हणजे काड्यापेटीएवढं पांढरं खोकं, प्लग आणि सॉकेटच्या मध्ये बसतं. प्रत्येक घरात दोन-दोन आलेत. एक फोनला लावला, दुसरा खणात, नाहीतर कचऱ्यात. कारण डब्याच्या तारेला प्लगच नाही. बाबांनी ती भिंतीतच जोडली आहे! दर रविवारी आर्कांजेलो सामना घेतो, डबा फोन लावतो आणि त्याच वेळी मुलाचा आवाज तुटतो.

अडीचला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जेल्सोमिनाबाईंकडे गेले. कुठे खरवडायचं ते मला ठाऊक होतं, शिडी मीच धरायची लहानपणी. सॉकेट उघडलं. मागे बाबांचा जोड. इतका नीटस की पाहत राहावं. डब्याकडे जाणाऱ्या दोन तारा सोडवल्या.

मुलाचा आवाज तासभर तुटला नाही. बाईंनी त्याला जेवणापासून मोज्यांपर्यंत सगळं विचारलं. मागे आर्कांजेलो बोंबलत होता, "डबा सामना घेईना! काय केलंस गं, डॉक्टरबाई?"

"तपासणी," म्हणाले. तारा पुन्हा जोडून दिल्या.

२१ नोव्हेंबर, सोमवार

बाबांना सांगितलं. माहितीपत्रक पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सातवं पान दोनदा वाचलं.

"मी तारा टाकल्या तेव्हा गावात इंटरनेट होतं का?"

काही घरांत नव्हतं. मी यादी केली आहे — डिश आणि इंटरनेट दोन्ही असलेली एकोणीस घरं. दहा घरांचं काम मार्चमध्ये इंटरनेट यायच्या आधीचं. नऊ घरांचं नंतरचं.

"आणि हे डबडं माझ्या भिंतीवर लोंबत ठेवायचं? लोक काय म्हणतील, दोनातो मिस्त्री म्हातारा झाला?"

"बाबा, साबीनोची नोकरी जाईल."

"मी लिहिलं का त्याचं नाव?"

नाही. मी लिहिलं.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

बाबा बोलत नाहीत. आई त्यांच्या बाजूने भांडी आपटते.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळच्या बसने फोज्जा शहरात जाऊन आले. येताना फिल्टरचं खोकं आणलं, ते दुकानात बाबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी हात लावला नाही.

संध्याकाळी बाबा स्वतःहून बोलले. "कागद जाऊ दे ना सभेत. कंपनी एवढी मोठी, तिला काय ओरखडा उठणार आहे?"

"आणि साबीनोला?"

"तो तरुण आहे. दुसरं काहीतरी करील. मी एकसष्टचा आहे, पोरी. माझ्याजवळ काय आहे? दोनातोने केलं म्हणजे बघायला नको — एवढंच आहे. चाळीस वर्षांचं."

मी म्हणाले, "तुम्हीच ठरवा, बाबा. मी तुमच्यामागून काही करणार नाही."

त्यांनी मान हलवली. होकार की नकार, कळलं नाही.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबा पहाटेच छिन्नी-हातोडा घेऊन बाहेर पडले. दुपारी परतले ते भुवयांपर्यंत चुन्याने माखून. आईने पास्ता वाढला तर हात न धुताच बसले! खोक्यातले चार फिल्टर कमी झाले होते.

"जेल्सोमिनाबाईंचं झालं. त्यांच्या शेजारचं झालं. आणखी दोन झाली. इंटरनेट लावून बघितलं, सामनाही घेऊन बघितला. आर्कांजेलो माझ्या गळ्यात पडला, गाढव."

"फिल्टर कुठे लटकवले?"

"लटकवले?" बाबा असे बघू लागले, जणू मी शिवी दिली. "भोक मोठं केलं आणि भिंतीत बसवले. वर झाकण ठेवलंय, त्याच रंगाचं. शोधून दाखव."

मी हसले. पाच दिवसांनी घरात कुणीतरी हसलं. आईही.

मग ते म्हणाले, "उद्या सभेत मी उठतो. सरळ सांगतो — दोनातो मिस्त्रीने बिघडवलं, दोनातो मिस्त्रीच दुरुस्त करतोय, त्या पोराचा दोष नाही. चार झाली आहेत, पंधरा राहिलीत, आठवड्यात होतील. पण हे माझ्या तोंडून जाऊ दे. मी सांगितलं तर मी मिस्त्री राहतो. दुसऱ्या कुणी सांगितलं तर मी पकडलेला चोर. कळतंय ना तुला? तू शिकलेली आहेस." पाव मोडता मोडता थांबले. "कुणाजवळ बोलली नाहीस ना?"

"नाही," म्हणाले.

बाबांनी आज कोट इस्त्रीला काढला आहे.

२६ नोव्हेंबर, शनिवार

हे मी इथेसुद्धा लिहिलं नव्हतं. फोज्जाला मी फिल्टरसाठी गेले नव्हते. गुरुवारी सकाळी साडेदहाला कंपनीच्या कार्यालयात पत्र देऊन, पोच घेऊन आले — निवेदन मागे घेतल्याचं, एकोणीस घरांच्या यादीचं, बाबांच्या पूर्ण नावाचं. आज सभेत बाबा उठायच्या आधीच ते कंपनीच्या लोकांच्या हातात असेल. बाबांना 'तुम्हीच ठरवा' म्हणाले, ते त्यानंतर, संध्याकाळी.